समांतर मतदान घेऊन अधिकृत मतमोजणी तपासता येते का?

कोरी मतपत्रिका (प्रश्न) :

येत्या निवडणुकीत आम्ही काही नागरिक मिळून सहा मतदान केंद्रांबाहेर समांतर मतदान घेण्याच्या विचारात आहोत. त्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे. आमच्याकडे मत यंत्रावर दिले जाते आणि मोजणीही यंत्रच करते. गेल्या वेळी एका केंद्राचा निकाल इतका अनपेक्षित लागला की लोक कितीतरी दिवस एकमेकांना कोणाला मत दिले ते विचारत होते. हरलेल्यांना यंत्राचा संशय होता आणि जिंकलेल्यांना संशय घेणाऱ्यांचा. फेरमोजणी मागितली तर यंत्र पुन्हा तोच आकडा दाखवणार. त्यामुळे अधिकृत व्यवस्थेच्या बाहेर, कागदावर, लोकांनीच ठेवलेली दुसरी नोंद असावी असे आम्हाला वाटते.

आराखडा साधा आहे. मत देऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला, प्रचारबंदीच्या रेषेपलीकडे मांडलेल्या टेबलावर, तीच नावे त्याच क्रमाने छापलेली एक मतपत्रिका द्यायची. त्याने आत जे केले तेच आडोशामागे कागदावर करायचे, घडी घालून पारदर्शक पेटीत टाकायचे आणि वहीत सही करायची. मतदानाची वेळ संपली की पेटी तिथेच सर्वांच्या देखत उघडून मोजायची, आकडा फळ्यावर लिहायचा आणि अधिकृत निकालातील त्याच केंद्राचा आकडा आला की तो शेजारी लिहायचा.

चाळीस स्वयंसेवक तयार आहेत, पण दोन गोष्टींवर आमच्यातच एकमत होत नाही. एक गट म्हणतो की निम्म्याहून अधिक मतदार सहभागी झाले नाहीत तर आकड्याला अर्थ नाही. दुसरा म्हणतो की जनमत चाचण्या हजार-दीड हजार लोकांवर चालतात, तेव्हा वीस टक्के मिळाले तरी पुष्कळ झाले. दुसरा वाद सहीचा आहे. सही घेतली तर लोक बिचकतील, आणि घेतली नाही तर उद्या कोणी विचारले की ही माणसे खरोखर मतदार होती कशावरून, तर आमच्याजवळ उत्तर नसेल. ज्यांनी असे काही केले आहे किंवा अभ्यासले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


शाईचे बोट (प्रतिसाद) :

मी अशा एका टेबलावर सकाळपासून मोजणी होईपर्यंत बसलेलो आहे, म्हणून आधी आमची फजिती सांगतो. आमच्याकडे मतपत्रिका एका कोऱ्या गठ्ठ्यात होत्या, त्यांना क्रमांक नव्हते, आणि किती छापल्या, किती टेबलावर आणल्या, किती उरल्या याची नोंद कोणी ठेवली नव्हती. रात्री पेटी उघडली तेव्हा वहीतील सह्यांपेक्षा पेटीतील मतपत्रिका अकराने जास्त निघाल्या. कदाचित कोणी सही न करताच कागद टाकला असेल, कदाचित नवराबायकोंनी मिळून एकच सही केली असेल, कदाचित दुसरेच काही झाले असेल. कारण काहीही असो, ज्या गोष्टीचा संशय आम्ही अधिकृत यंत्रणेवर घेत होतो ती आमच्याच पेटीत घडली होती. समोरच्या बाजूला आणखी काही बोलण्याची गरजच उरली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा मतपत्रिकांना स्थळप्रत (मतपत्रिका फाडून दिल्यावर पुस्तकात उरणारा भाग) आणि अनुक्रमांक असू द्या, मात्र क्रमांक फक्त स्थळप्रतीवर ठेवा. मतपत्रिकेवर राहिला तर मत कोणाचे ते उघड होईल. रिकामी पेटी सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या माणसांना उघडून दाखवा आणि त्यांच्यासमोरच कागदी पट्टी चिकटवून तीवर त्यांच्या सह्या घ्या. दर तासाला किती मतपत्रिका दिल्या तो आकडा लिहा. उरलेल्या, फाटलेल्या, परत आलेल्या मतपत्रिकांचा हिशेब शेवटी जुळलाच पाहिजे, आणि जुळला नाही तर तसे फळ्यावर लिहिण्याची तयारी हवी.

दुसरी गोष्ट माणसांची. लोक एकेकटे बाहेर येत नाहीत, घोळक्याने येतात, आणि घोळक्यातला पहिला माणूस टेबलाकडे वळला तरच बाकीचे वळतात. दुपारी एका उमेदवाराचा कार्यकर्ता थोड्या अंतरावर येऊन उभा राहिला आणि ओळखीच्या लोकांना हळूच सांगू लागला की तिकडे जाऊ नका, ते विरोधकांचे टेबल आहे. त्यानंतर त्या उमेदवाराचे मतदार आमच्याकडे पाहत पाहत पुढे जाऊ लागले. आम्ही कोणाचेच नव्हतो, पण आमच्यापैकी तिघे जण गेल्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूचा प्रचार करताना सर्वांनी पाहिले होते. टेबलावर कोण बसते यावर पेटीत काय पडते ते ठरते, हे मला त्या दुपारी कळले. ज्यांनी नकार दिला त्यांची संख्या आणि अंदाजे वय आम्ही टिपले नव्हते. ते टिपले असते तर निदान आपला आकडा कोणत्या बाजूला कललेला असेल याचा काही अंदाज आला असता.


नमुना आणि नेम (प्रतिसाद) :

वरील प्रतिसादातील कार्यकर्त्याचा प्रसंग हाच या विषयाचा गाभा आहे, आणि त्यामुळे मूळ प्रश्नातील 'वीस टक्के की पन्नास टक्के' हा वाद थोडा बाजूला पडतो. जनमत चाचणी हजार लोकांवर चालते ती ते हजार चाचणी घेणाऱ्याने चिठ्ठ्या टाकून निवडलेले असतात म्हणून. समांतर मतदानात निवड मतदार स्वतः करतो. कोण थांबले हे जर कोणाला मत दिले याच्याशी जोडलेले असेल, तर सहभाग कितीही वाढला तरी तो कल आकड्यात राहतोच.

एक हिशेब करून पाहा. एका केंद्रावर १००० जणांनी मतदान केले. 'अ'ला ४८० आणि 'ब'ला ५२० मते पडली, आणि यंत्राने ती बिनचूक मोजली. 'अ'च्या मतदारांना यंत्राचा संशय आहे, म्हणून त्यांच्यापैकी ६० टक्के टेबलावर आले. 'ब'च्या मतदारांपैकी ५० टक्के आले. पेटीत 'अ'च्या २८८ आणि 'ब'च्या २६० मतपत्रिका पडतील. एकूण सहभाग जवळपास ५५ टक्के, म्हणजे तुमच्या पहिल्या गटाची अटही पूर्ण झाली, आणि तरीही समांतर मतदानात 'अ' सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाने जिंकला. कोठेही गैरप्रकार झालेला नाही. 'ब'चे मतदार घरी जाण्याच्या घाईत होते, एवढेच.

हे केवळ कागदावरचे उदाहरण नाही. अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानोत्तर चाचणीने (एक्झिट पोलने) जॉन केरी यांना प्रत्यक्ष निकालापेक्षा जास्त मते दाखवली आणि त्यावरून मोजणीत गडबड झाल्याचा मोठा वाद उठला. चाचणी घेणाऱ्या एडिसन आणि मिटोफस्की या संस्थांनी जानेवारी २००५ मध्ये जो अहवाल दिला त्यानुसार, केंद्रागणिक दोन उमेदवारांमधील अंतरात चाचणी आणि निकाल यांचा फरक सरासरी साडेसहा टक्के होता. केरी यांच्या ५६ टक्के आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बुश यांच्या ५० टक्के मतदारांनी चाचणीची प्रश्नावली भरून दिली असे धरले, तर सगळा फरक समजावता येतो असे त्यांचे गणित होते. फरक यंत्राच्या प्रकारामुळे पडला असे त्यांना आढळले नाही. चाचणी घेणाऱ्याला केंद्रापासून शंभर फुटांहून लांब उभे राहावे लागले तिथे मात्र तो वाढलेला होता. तुमचे टेबल प्रचारबंदीच्या रेषेपलीकडे असणार, म्हणजे ही अडचण तुमच्या वाट्याला येणारच.

मग समांतर मतदान निरुपयोगी आहे का? तसे मी म्हणणार नाही. त्यातून टक्केवारी काढणे निरुपयोगी आहे. त्यातून मिळू शकतो तो किमान आकडा. समजा, वरील केंद्राच्या अधिकृत निकालात 'अ'ला २५० मते दाखवली आणि तुमच्या पेटीत, सहीनिशी, २८८ मतपत्रिका 'अ'च्या आहेत. आता कोण थांबले आणि कोण निघून गेले याला महत्त्व उरत नाही. जे आले तेच अधिकृत आकड्यापेक्षा जास्त आहेत. एकतर निदान ३८ जणांनी आत एक आणि बाहेर दुसरे केले, किंवा यंत्राचा आकडा चुकला. दोन-चार मतपत्रिकांचा फरक कोणी गंभीरपणे घेऊ नये, पण ३८ चा फरक फेरतपासणी मागायला पुरेसा आहे.

बेलारूसमध्ये ९ ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत नेमकी हीच युक्ती वापरली गेली. 'गोलोस' नावाच्या मंचावर दहा लाखांहून अधिक मतदारांनी नोंदणी केली आणि लाखोंनी आपल्या भरलेल्या मतपत्रिकेचे छायाचित्र पाठवले. अधिकृत निकालात सत्ताधारी अध्यक्ष लुकाशेन्को यांना ८० टक्के आणि विरोधी उमेदवार तिखानोव्स्काया यांना १० टक्के मते होती. त्या मंचाने ज्या केंद्रांची निकालपत्रके मिळाली ती छायाचित्रांच्या शेजारी ठेवली, तेव्हा अनेक केंद्रांवर तिखानोव्स्काया यांच्या नावाच्या मतपत्रिकांची नुसती छायाचित्रेच अधिकृत मतांपेक्षा जास्त निघाली. तिथे नमुना निवडण्याचा प्रश्नच नव्हता.

या युक्तीची मर्यादाही सांगतो. अधिकृत आकडा २५० ऐवजी ४०० दाखवला असता, म्हणजे 'अ'ची ४८० पैकी ८० मते गायब झाली असती, तरी तुमच्या २८८ मतपत्रिकांना ते दिसले नसते. ते पकडायला 'अ'च्या दर सहा मतदारांपैकी पाचांहून अधिक जण टेबलावर यावे लागतील. ढोबळ चोरी पकडता येते, बेताची नाही. तेव्हा आकडे जुळले म्हणून 'सर्व ठीक आहे' असेही जाहीर करता येणार नाही.


केंद्रनिहाय (प्रतिसाद) :

समांतर मतदान आणि समांतर मतमोजणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि चर्चेत त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. जगभर नागरिकांनी निवडणुकीचे निकाल तपासले ते बहुतेक वेळा दुसऱ्या पद्धतीने. लोकांना पुन्हा मत द्यायला सांगायचे नाही. प्रत्येक केंद्रावर मोजणी संपल्यावर जे निकालपत्रक तयार होते त्याचा आकडा तिथे हजर राहून टिपायचा आणि बेरीज आपण करायची.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण फिलिपिन्सचे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या 'नाम्फ्रेल' या नागरिक संघटनेने ७ फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीसाठी सुमारे पाच लाख स्वयंसेवक उभे केले आणि स्वतंत्र शीघ्र मोजणी चालवली. तीत विरोधी उमेदवार कोराझॉन अक्विनो पुढे होत्या, तर अधिकृत मोजणीत सत्ताधारी अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस. दोन दिवसांनी अधिकृत मोजणीच्या संगणकांवर बसलेले तीसहून अधिक कर्मचारी, आपण भरतो ते आकडे आणि फलकावर दिसणारे आकडे जुळत नाहीत असे सांगत, उठून निघून गेले. संसदेने मार्कोस यांना विजयी घोषित केले, पण २५ फेब्रुवारीला त्यांना देश सोडावा लागला. ही कथा सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते : नाम्फ्रेलची मोजणी सुमारे ७० टक्के केंद्रांचीच होती. उरलेली केंद्रे कोणत्या भागातली होती हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि निव्वळ हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. पोहोचता आले ती केंद्रे म्हणजे नमुना नव्हे.

चिलीमध्ये ५ ऑक्टोबर १९८८ ला लष्करी हुकूमशहा जनरल पिनोशे यांची सत्ता पुढे चालू ठेवावी का यावर जनमत घेतले गेले, तेव्हा ही चूक टाळली गेली. नागरिकांच्या समितीने केंद्रांचा नमुना आधीच ठरवला आणि त्यांचेच आकडे गोळा केले. विरोधी आघाडीने आपली स्वतंत्र मोजणी चालवली. सरकार रात्री निकाल अडवून बसले असताना या दोन्ही मोजण्यांमध्ये 'नाही' पुढे असल्याचे स्पष्ट होते. मध्यरात्रीनंतर हवाई दलाचे प्रमुख फर्नांडो माथेई यांनी अध्यक्षीय प्रासादात शिरता शिरता पत्रकारांसमोर 'नाही' जिंकल्याचे मान्य केले आणि विषय मिटला. अधिकृत आकडा 'नाही'च्या बाजूने सुमारे ५६ टक्के निघाला.

नमुन्याची पद्धतही सर्व काही सांगू शकत नाही. घानामध्ये डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या फेरीत जॉन अटा मिल्स यांना ५०.२३ आणि नाना अकुफो-अडो यांना ४९.७७ टक्के मते मिळाली. तिथल्या नागरी निरीक्षकांची मोजणी सुमारे हजार केंद्रांवर बेतलेली आणि अत्यंत काटेकोर होती, परंतु अर्ध्या टक्क्याहून कमी अंतरात विजेता कोण हे असा नमुना छातीठोकपणे सांगू शकत नाही. अधिकृत निकाल आपल्या अंदाजाच्या पट्ट्यात बसतो एवढेच तो सांगतो. मलावीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१९ च्या तिथल्या निवडणुकीत नागरिकांची समांतर मोजणी अधिकृत निकालाशी जुळली होती, तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने निवडणूक रद्द केली, कारण अनेक निकालपत्रकांवर आकडे पांढऱ्या खोडशाईने पुसून बदललेले होते. बेरीज जुळणे आणि मूळ कागद विश्वासार्ह असणे यांत फरक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आमच्या बाजूची उणीव तिथेच आहे. समांतर मतमोजणी केंद्राचा आकडा खरा मानून पुढे जाते आणि वरच्या बेरजेतील लबाडी पकडते. व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ नंतर विरोधकांनी ८० टक्क्यांहून अधिक यंत्रांची छापील निकालपत्रके जमवून महाजालावर ठेवली. त्यांत विरोधी उमेदवार एदमुन्दो गोन्सालेस यांना सुमारे ६७ टक्के मते होती, तर निवडणूक मंडळाने केंद्रनिहाय आकडे न देताच तेव्हाचे अध्यक्ष निकोलास मादुरो यांना ५१ टक्क्यांहून अधिक मते मिळाल्याचे जाहीर केले होते. तिथे यंत्रानेच छापलेला कागद विरोधकांचा पुरावा ठरला. तुमचा संशय यंत्रावरच असेल तर या पद्धतीचा तुम्हाला उपयोग नाही, आणि म्हणूनच बाहेर टेबल मांडण्याची कल्पना निघते हे मला समजते. फक्त तिचे काम किमान आकडा देण्यापुरते आहे, हे 'नमुना आणि नेम' यांचे म्हणणे मला पटते.


कोरी मतपत्रिका :

सर्वांचे आभार. किमान आकड्याची कल्पना आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हती आणि काल बैठकीत ती मांडल्यावर टक्केवारीचा वाद जवळपास मिटला. पण त्याने सहीचा वाद अधिक टोकदार झाला. किमान आकडा पुरावा म्हणून उभा राहायचा असेल तर प्रत्येक मतपत्रिकेमागे खरा मतदार आहे हे दाखवावे लागेल, आणि इतके दाखवायचे तर मत गुप्त राहत नाही. मतपत्रिका पेटीत आणि सही वहीत अशी फारकत ठेवली तर किती जण आले ते सिद्ध होते, कोणी कोणाला मत दिले ते नाही. याच्या पलीकडे जावे का? एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की जे लोक स्वखुशीने प्रतिज्ञापत्र देतील त्यांची वेगळी पेटी ठेवावी.


पडद्यामागचे मत (प्रतिसाद) :

वेगळी पेटी ठेवण्यापूर्वी ती वही उद्या कोणाच्या हातात पडू शकते याचा विचार करा. व्हेनेझुएलातच २००३-०४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष ह्युगो चावेस यांना पदावरून परत बोलावण्याच्या मागणीवर सह्या करणाऱ्यांची यादी एका खासदाराने संकेतस्थळावर टाकली आणि पुढे कित्येकांना नोकरीवरून काढताना ती वापरली गेली; अशा तीन महिलांच्या प्रकरणात आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१८ मध्ये राज्याला दोषी ठरवले. तो धडा लक्षात ठेवून १६ जुलै २०१७ ला विरोधकांनी स्वतःच्या बळावर जनमत घेतले तेव्हा सत्तर लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला, आणि मोजणी संपताच मतदारांच्या वह्या जाळून टाकण्यात आल्या. लोक सुरक्षित राहिले, पण तो आकडा पुन्हा तपासण्याचा मार्गही त्या वह्यांबरोबर गेला. पुरावा आणि गुप्तता यांपैकी काय राखायचे हे आधीच ठरवावे लागते. मतदानाच्या संध्याकाळी ठरवायला बसलात तर उशीर झालेला असेल.

माझे मत विचाराल तर प्रतिज्ञापत्र पेटी टाळा. मत गुप्त ठेवणे हा मतदाराचा हक्क आहेच, शिवाय कोणी कोणाला मत दिले याचा लेखी पुरावा निर्माण झाला की मते विकत घेणाऱ्याला आणि धाक दाखवणाऱ्याला तोच हवा असतो. याच कारणाने अनेक देशांत मतपत्रिकेचे छायाचित्र काढणेही गुन्हा आहे.

कायद्याचे म्हणाल तर टेबल मांडण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या : प्रचारबंदीची रेषा नेमकी कुठून मोजायची, मतदान सुरू असताना असे काही गोळा करण्यास मनाई आहे का, आणि आकडे केव्हा जाहीर करता येतात. भारतात मतदानोत्तर चाचणीचे निष्कर्ष ठरावीक काळात जाहीर करण्यावर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ ने बंदी आहे. इतरत्र नियम वेगळे असतील. मतदान होऊन गेल्यानंतर समांतर मतदान घेण्याचा मार्गही निर्धोक नाही. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी विधानसभेच्या निकालानंतर ३ डिसेंबर २०२४ ला कागदी मतपत्रिकांवर असे मतदान ठेवले होते. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते झालेच नाही. ते झाले असते तरी निकाल ठाऊक असताना, तेरा दिवसांनी दिलेले मत मूळ मताशी ताडून पाहणे कठीणच होते. हे कायद्याच्या प्रश्नाहून वेगळे आहे.

समांतर मतदानाचा एक अगदी निराळा उपयोगही इतिहासात झाला आहे. १९६३ मध्ये मिसिसिपीत ज्या कृष्णवर्णीयांना मतदार यादीत नावच नोंदवू दिले जात नव्हते अशा सुमारे ८० हजार लोकांनी आपल्या चर्चमध्ये आणि वस्त्यांमध्ये ठेवलेल्या पेट्यांत मते टाकली. ते मोजणी तपासत नव्हते. संधी मिळाली तर आम्ही मतदान करतो हे दाखवत होते. तुमच्या टेबलाचा हेतू कोणता, हे स्वयंसेवकांना एका वाक्यात सांगता आले पाहिजे, कारण दिवसभरात शंभर जण तेच विचारणार आहेत.


नमुना आणि नेम :

गुप्ततेच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. त्यामुळे किमान आकड्याचा पुरावा थोडा सैल होईल हे मान्य करूनही सही आणि मतपत्रिका वेगळ्याच ठेवाव्यात. दोन गोष्टी मात्र जोडतो.

पहिली म्हणजे नुसती माणसे मोजणे. केंद्राच्या दाराकडे पाहत दोन स्वयंसेवक बसवा, दोघांच्या हातात बोटाने दाबायचे गणकयंत्र द्या आणि दोघांना एकमेकांशी बोलू न देता मत देऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या मोजू द्या. कोणाला काही विचारायचे नाही, कोणी नकार देण्याचा प्रश्न नाही, गुप्ततेला धक्का नाही. मोजलेली माणसे ६४० आणि यंत्रात ७९० मते असतील तर त्या १५० मतांचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागेल. तुमच्या चाळीस जणांतले बारा जण या कामाला गेले तर टेबलाइतकाच, कदाचित अधिकच, उपयोग होईल. दर दोन तासांनी माणसे बदला. तिसऱ्या तासाला माणूस मोजायचे विसरतो.

दुसरी, यंत्रावरील संशयाचे खरे उत्तर टेबलाबाहेर आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ ला २००५ च्या निवडणुकीत वापरलेली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही खात्रीपूर्वक तपासता आले पाहिजेत, असे त्या निकालाने स्पष्ट केले. जिथे यंत्राबरोबर मतदाराने पाहिलेला कागद असतो तिथे मतपत्रिकांचा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडलेला, नमुना हाताने मोजून निकाल चुकीचा ठरण्याची शक्यता ठरावीक मर्यादेत आणता येते. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात २०१७ पासून अशी तपासणी राज्यभर होते. दोघांमधले अंतर मोठे असले की थोडेच कागद पुरतात, अंतर कमी असले की जास्त लागतात. तुमच्या यंत्रात कागद नसेल तर तो असावा अशी मागणी करा आणि टेबलावरून जमलेल्या नोंदी तिला जोडा.


कोरी मतपत्रिका :

काल रात्री पुन्हा बसलो. सहा केंद्रांऐवजी तीनच घेणार आहोत, कारण चाळीस जणांत टेबल, दार आणि हिशेब ही तिन्ही कामे सहा ठिकाणी नीट होणार नाहीत. तीन केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडली, आणि गेल्या वेळी ज्या केंद्रावरून गहजब झाला ते त्यात आले नाही. त्यावर बरीच कुरकुर झाली, पण चिठ्ठी पुन्हा टाकायची नाही असे ठरले. टेबलावर दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसावा म्हणून दोन्ही उमेदवारांना पत्र दिले आहे. एकाने होकार कळवला आहे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत. प्रतिज्ञापत्र पेटी रद्द केली.

कोणत्या केंद्रावर किती मतपत्रिकांच्या फरकाला तपासणी मागायची ते आकडे आम्ही आत्ताच लिहून एका पाकिटात बंद करून ठेवत आहोत, म्हणजे निकालानंतर सोयीप्रमाणे ते बदलले असे कोणी म्हणू नये. 'शाईचे बोट' यांना एक विचारायचे राहिले : पावसाची शक्यता आहे, तेव्हा स्थळप्रतींची पुस्तके आणि सह्यांची वही टेबलावर एकत्र ठेवावी की दोन वेगळ्या माणसांकडे?


शाईचे बोट :

दोन वेगळ्या माणसांकडे, आणि एकमेकांपासून निदान चार हात लांब. एकत्र ठेवलीत तर गर्दीत कोणी तरी स्थळप्रतीवरच सही करते, आणि क्रमांकाशी नाव जोडले जाते. आमच्याकडे सात जणांनी तसे केले होते. वहीसाठी प्लास्टिकचे आवरण घ्या आणि पेन दोरीने बांधा. दुपारपर्यंत आमची नऊ पेने गेली होती.